पगाराची तारीख

आम्ही दोघे या शाळेचे माजी विद्यार्थी. "तुमच्या कामाविषयी मुलांसाठी चार शब्द लिहा," असे बाईंनी सांगितले, म्हणून हा लेखनप्रपंच.

भैरवगढमध्ये आमचे छोटेसे व्यवसायोपचार केंद्र आहे. आजारानंतर किंवा अपघातानंतर माणसाला रोजची कामे पुन्हा जमावीत, यासाठीचे हे उपचार. भारतात त्यांचे शिक्षण कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईत सुरू केले. आमच्याकडे अर्धांगवायू झालेले बाटिकचे कारागीरही येतात. त्यांची नुसती मूठ मिटून भागत नाही. गरम मेणाची कलम कापडावर न थरथरता फिरली पाहिजे.

हे सारे आम्ही कॉलेजात शिकलो. पगार वाटायला मात्र कोणी शिकवले नव्हते. आमच्याकडे तीन माणसे कामाला आहेत. रुग्ण कमी आले तरी भाडे, वीज आणि पगार चुकत नाहीत. हाताखाली तयार झालेली माणसे जास्त पगारावर इंदूरला जातात. पूर्वी राग यायचा. आता शिफारसपत्र देतो.

खरी परीक्षा २०२० च्या टाळेबंदीत झाली. केंद्र बंद पडले. पहिल्या महिन्यात पूर्ण पगार दिला, दुसऱ्यात निम्मा. तिसऱ्या महिन्यात पैसेच नव्हते, आणि तसे सांगण्याचा धीरही झाला नाही. "बघू" म्हणून गप्प बसलो.

केंद्र उघडल्यावर आमच्या मदतनीस ताई म्हणाल्या, "पेशंटला तुम्ही पहिल्याच दिवशी सांगता, काय सुधारेल, किती दिवस लागतील. आम्हाला मात्र काहीच सांगितलं नाहीत. मुलाच्या फीसाठी मी बांगड्या मोडल्या. आधी कळलं असतं, तर दुसरं काम बघितलं असतं."

आमच्याकडे उत्तर नव्हते. थकलेला पगार पाच हप्त्यांत फेडला. बांगड्या काही परत आल्या नाहीत.

तेव्हापासून एक तारखेला आधी सर्वांचे पगार, मग उरेल ते आमचे. तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतो. महिन्याअखेरीस सगळे चहाला बसतो आणि जमाखर्चाची वही मध्ये उघडी ठेवतो.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी दवाखाना काढेल, कोणी दुकान. चार माणसे कामाला ठेवाल. पैसे कमी पडतील ते दिवसही येतील. तेव्हा त्यांना वेळेवर सांगा. तेवढे आम्हाला जमले नव्हते.