लॅपटॉपचा पडदा आणि आपले डोळे



हल्ली भारतातल्या नातलगांची तोंडं आपल्याला पडद्यावरच दिसतात. लग्न, बारसं, आजारपण, सगळं तिथंच कळतं. फोन लहान पडतो म्हणून पुष्कळ वयस्कर मंडळी लॅपटॉप घ्यायला निघतात. दुकानातला मुलगा हिब्रूत भराभर आकडे सांगतो, आपण मान डोलवतो आणि सर्वांत महाग तोच चांगला असं धरून चालतो. पेन्शनचा पैसा आहे, म्हणून हे आकडे समजून घेऊ या. मी इंजिनियर नव्हे, रिटायर झालेली नर्स. तेव्हा मी डोळ्यांच्या बाजूने बोलणार.

पहिला आकडा इंचांचा. १५.६ इंच ही पडद्याची रुंदी नव्हे, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप आहे. नेहमीच्या लांबट पडद्यात रुंदी सुमारे साडेतेरा इंच आणि उंची साडेसात इंचांहून थोडी जास्त भरते. लॅपटॉप घरातच टेबलावर राहणार असेल, तर हे माप सोयीचं.

दुसरा आकडा रिझोल्यूशनचा. पडदा बारीक ठिपक्यांचा बनलेला असतो, त्यांना पिक्सेल म्हणतात. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके. १९२० गुणिले १०८०, म्हणजे फुल एचडी, यात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. आपल्या मराठीला हे जास्त ठिपके हवेतच. नाहीतर अनुस्वार, रफार, वेलांट्या एकमेकांत मिसळतात. हिब्रूच्या निकूदचंही तसंच.

पण एक लक्षात ठेवा, जास्त ठिपके म्हणजे मोठं अक्षर नव्हे. सेटिंग बदललं नाही तर अक्षर उलट लहान होतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टम, मग डिस्प्ले उघडा आणि स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. फोर-के पडद्यात जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. एवढ्याशा पडद्यावर आपल्या वयाच्या डोळ्यांना तो फरक फारसा कळत नाही, बॅटरी मात्र लवकर उतरते. तसंच १२० हर्ट्झ, १४४ हर्ट्झ हे खेळ खेळणाऱ्या मुलांसाठी. आपल्याला ६० पुरे.

आपल्या कामाच्या गोष्टी जाहिरातीत बारीक अक्षरांत असतात. उजेड निट्समध्ये मोजतात. २५० निट्सचा पडदा इथल्या उन्हात खिडकीजवळ फिका दिसतो. घरात ३०० चालेल, ४०० असेल तर उत्तम. पडदा मॅट घ्यावा. चकचकीत पडद्यात खिडकी आणि आपलंच तोंड दिसतं. आणि आयपीएस लिहिलेलं बघा. त्यात बाजूला बसलेल्या माणसालाही नीट दिसतं. जुन्या पद्धतीच्या टीएन पडद्यात बाजूने रंग बदलतात.

आमच्या इमारतीत ऐंशी ओलांडलेल्या एक मावशी आहेत. "माझे डोळे गेले गं," म्हणून त्यांनी ठाण्याच्या बहिणीशी लॅपटॉपवर बोलणं सोडून दिलं होतं. मी त्यांच्या हातात छापलेलं मासिक दिलं. चष्मा लावून त्यांनी घडाघडा वाचलं! मग लॅपटॉप बघितला. चकचकीत पडदा, समोर खिडकी, उजेड निम्म्यावर. लॅपटॉप खिडकीला आडवा ठेवला, उजेड वाढवला, अक्षर दीडपट केलं. बहीण पडद्यावर आली तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगो बाई, हिचे केस किती पांढरे झाले!"

म्हणून आधी पुस्तक वाचून बघा. पुस्तक स्वच्छ आणि पडदा अंधुक, तर दोष बहुतेक पडद्याचा किंवा चष्म्याच्या नंबराचा. पण पुस्तकही अंधुक दिसत असेल, एक डोळा झाकल्यावर दाराची सरळ चौकट वाकडी दिसत असेल, किंवा मधोमध काळा डाग येत असेल, तर दुकानात जाऊ नका. तडक कुपात खोलीमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्याला उशीर परवडत नाही आणि महागडा पडदा त्यावर औषध नव्हे.

आणखी एक. स्वस्त पडद्यांचे रंग फिके असतात. बाळाच्या अंगावरचं पुरळ किंवा डोळ्यांतला पिवळेपणा पडद्यावर बघून कोणी निदान करू नये.

बालमित्रांनो, आजी-आजोबांबरोबर दुकानात जाल तेव्हा त्यांचा वाचायचा चष्मा बरोबर घ्या. मांडलेल्या लॅपटॉपवर मराठीचं एक पान उघडा, त्यांना खुर्चीवर बसवा आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. न अडखळता, मान पुढे न काढता वाचला, तर तो पडदा त्यांचा. मग किंमत विचारा.