पाव फेरी

आमची स्प्लेंडर वडिलांनी १९९७ साली घेतली. नंबर अजून एमएच-३० आहे, म्हणजे अकोल्याचा. आमचा वाशिम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला आणि एमएच-३७ त्यानंतर आला. वडील ऑइल घरीच बदलायचे आणि गोठ्याच्या दाराला आतून पांढऱ्या रंगानं तारीख अन् किलोमीटर लिहून ठेवायचे. ते गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत, सोयाबीनची मळणी आटोपल्यावर, हे काम मी हातात घेतलं. लहानपणापासून शेजारी बसून पाहिलेलं होतं, म्हणून कुणाला विचारलं नाही.

थ्रेशरच्या भुशानं गाडी माखलेली होती. ऑइल टाकायच्या झाकणाभोवती भुसा आणि माती यांचा थर होता. तो न पुसताच झाकण उघडलं. वडील आधी ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्या फडक्यानं तेवढी जागा पुसायचे, हे फार नंतर आठवलं. इंजिनही गार होतं. तीन-चार मिनिटं चालवून घेतलं की ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन उतरतं. गार असताना ते मंद गळतं आणि गाळ आतच बसून राहतो.

गाडीखाली घमेलं सरकवलं, १७ चा पाना लावला आणि ऑइल काढायचा नट खोलला. काळंभोर ऑइल निघालं. नट पुसून परत बसवला. त्याच्या मानेला एक पातळ ॲल्युमिनियमचा वायसर असतो. आवळताना तो दबतो आणि फट बुजवतो. एकदा दबलेला वायसर दुसऱ्यांदा तेवढा दबत नाही, म्हणून तो दर वेळी नवा टाकायचा असतो. काही रुपयांची वस्तू. मी जुनाच ठेवला.

मग ऑइल भरलं. गाडी साइड स्टँडवर, म्हणजे डावीकडे कललेली, आणि या गाडीची झाकणालाच जोडलेली ऑइल मोजायची पट्टी उजव्या बाजूला. ऑइल डावीकडे जमा झालं, पट्टीवर पातळी कमी दिसली, म्हणून मी ९०० मिलीची अख्खी बाटली ओतली. गाडीच्या पुस्तिकेत दोन मापं असतात: एक इंजिन पूर्ण खोलल्यावरचं, दुसरं नुसतं ऑइल काढल्यावरचं. दुसरं कमी असतं, कारण थोडं ऑइल आत चिकटून राहतंच. गाडी डबल स्टँडवर सरळ उभी करायची, इंजिन चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, पट्टी पुसून आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि मग पाहायचं, ही रीत मला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मेडशी गावाकडे निघालो तर इंजिन जड वाटलं. मागून निळसर धूर येत होता. घरी आल्यावर फरशीवर ऑइलचे थेंब दिसले. स्प्लेंडरला ऑइल कमी झाल्याचा दिवा नाही. गळतंय हे डोळ्यांनीच पाहावं लागतं. मी पाना लावून नट आणखी आवळला. सकाळी पुन्हा थेंब. पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी पाना अचानक सैल फिरला. हाताला विरोधच लागेना. तो क्षण मला अजून हातात जाणवतो. आटे गेले होते.

महामार्गावरच्या मेकॅनिककाकांकडे गाडी ढकलत नेली. त्यांनी खाली वाकून बोटानं छिद्र चाचपलं आणि म्हणाले, "कायले एवढं आवयलं, भाऊ? नट लोखंडाचा हाय, चेंबर ॲल्युमिनियमचं. लोखंड जिततेच." मी वायसरचं सांगितलं. ते म्हणाले, "मंग गयती वायसरची होती. तू आवयत राह्यला नटाले."

त्यांच्या या बोलण्यानं माझ्या चुका ध्यानात आल्या. ऑइल जास्त टाकलं, नट जास्त आवळला. वडिलांची गाडी म्हणून काही कमी पडू नये, ही भीती प्रत्येक वेळी हाताला पुढं ढकलत होती.

काकांनी टॅपला ग्रीस लावून मोठे आटे पाडले; ग्रीसमध्ये कीस अडकतो, इंजिनात जात नाही. नंतर थोडं ऑइल वरून ओतून खालून वाहू दिलं, उरलासुरला कीस निघावा म्हणून. मोठ्या मापाचा नट, नवा वायसर. मग पाना माझ्या हातात दिला. "हातानं फिरवत ने, टेकू दे. आता पान्यानं पाव फेरी. बस." मी थांबलो. गळती नव्हती.

ऑइलच्या बाटलीवर जासो एमए हे मानक लिहिलेलं आहे का, हेही त्यांनीच पाहायला शिकवलं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडलेला असतो. घर्षण कमी करणारं कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

घमेल्यातलं जळकं ऑइल मी बांधावरच्या गवतावर ओतणार होतो, आई म्हणत होती दाराला वाळवीसाठी लाव. पण बांधाला लागून आमची विहीर आहे आणि दाराला लहान पोरांचे हात लागतात. जळक्या ऑइलात धातूचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. कायद्यानं तो घातक कचरा आहे. मी ते कॅनमध्ये भरून काकांच्या ड्रममध्ये नेऊन टाकलं. आताही तसंच करतो.

गोठ्याच्या दारावर वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली मी तारीख आणि किलोमीटर लिहिलं. पुढं 'वायसर नवा' असंही लिहिलं. त्यांच्या ओळींत ते कुठंच नाही. त्यांना लिहून ठेवायची गरज नसावी.