यंत्रालाही न्हाणे हवे

घरकामांतील सर्वांत अनामिक काम कोणते असेल, तर ते भांडी घासण्याचे. स्वयंपाकाचे कौतुक पंगतीत होते. खरकट्याच्या ढिगाशी बसलेल्या हातांची आठवण कोणास राहत नाही. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रेन या गृहिणीने १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडले. आम्हां इंदूरकरांच्या स्वयंपाकघरांत डिशवॉशर येण्यास मात्र शतकाहून अधिक काळ जावा लागला.

ते घरी आल्यावर आमच्या ध्यानी आले, की यंत्र श्रम वाचविते, पण सेवा मागते. पितळेच्या पातेल्यांना कल्हई लागे, तशी यालाही निगा लागते. ती पुन्हा गृहिणीच्याच माथी आली, तर यंत्र आणून साधले काय? म्हणून आम्ही ती वाटून घेतली आहे.

तळाची जाळी हे मुलांचे काम. भातशिते, मोहरी, कढीपत्ता सारे तेथे अडकते आणि कुजल्यावर दुर्गंधी सुटते. दर आठवड्यास जाळी काढून साबण व मऊ ब्रशने धुवावी आणि नीट फिरवून घट्ट बसवावी. पाणी फवारणाऱ्या पात्यांची छिद्रे काडीने मोकळी करावी. दाराची रबरी पट्टी, विशेषतः खालची कड, ओल्या फडक्याने पुसावी. ताटे आत लावण्यापूर्वी खरकटे काढून टाकले, की निम्मे काम वाचते.

पाण्याचा हिशेब घरातील पुरुषांकडे. बोअरिंगचे जड पाणी काचेवर पांढरी पुटे चढविते. यंत्रात राळेच्या बारीक मण्यांचा कप्पा असतो. ते मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. त्यांना पुन्हा ताजे करण्यासाठी टाकीत मीठ घालावयाचे. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. ते मोकळे राहावे म्हणून मिसळलेली द्रव्ये आत साचतात. डिशवॉशरचे जाडे मीठच घालावे, आणि ते सांडल्यास यंत्र लगेच चालवावे, नाहीतर पोलादास गंज चढतो. महिना-दोन महिन्यांनी, यंत्र रिकामे असताना, लिंबाचे सत्त्व घालून गरम पाण्याची एक फेरी द्यावी. त्या वेळी दुसरी पावडर घालू नये.

कल्हईची पातेली, लोखंडी तवा व लाकडी पोळपाट मात्र आत जात नाहीत. ती हातानेच घासावी लागतात, आणि त्यांचीही पाळी ठरलेली आहे.

हल्ली मुले दूरदेशी असल्याने कितीतरी घरांना महिनोन्‌महिने कुलूप असते. निघण्यापूर्वी यंत्राची रिकामी गरम फेरी करावी, जाळी धुऊन वाळवावी, पाण्याचा नळ बंद करून विजेची जोडणी काढावी. दार मात्र घट्ट लावू नये. घडी घातलेले फडके मध्ये ठेवून ते किंचित उघडे राखावे, म्हणजे बुरशी धरत नाही. परतल्यावर नळ उघडून गळती पाहावी आणि भांड्यांशिवाय एक फेरी होऊ द्यावी.

यांतील एकही काम अवघड नाही. ते कोणी करावे, हे ठरविणेच घराघरांतून अवघड झाले आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी एवढे एक ठरवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.