‘विशेष’ या विशेषणाचे सौजन्य

अमंगळ वा भयप्रद गोष्टीचे नाव सरळ न घेण्याची रीत मराठीत फार जुनी आहे. बांगडी फुटली असे म्हणावयाचे नसते, ती वाढवली असे म्हणावयाचे असते. दुकानही वाढवतात, दिवा शांत करतात, आणि घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. अंगावर कायमचे व्रण ठेवणाऱ्या, प्रसंगी दृष्टी आणि प्राणही नेणाऱ्या रोगाला तर मराठीने ‘देवी’ म्हटले. या आदराच्या मुळाशी भय होते. त्याचा दिलासा बोलणाऱ्याला मिळे. ज्याच्या अंगावर देवी उठलेल्या असत, त्याच्या दाहात त्याने काडीचाही फरक पडत नसे. ‘विशेष मुले’ हा आज सर्वत्र रूढ झालेला प्रयोग याच कुळातला आहे, ही गोष्ट त्याच्या सौम्य उच्चारामुळे सहसा ध्यानात येत नाही.

संज्ञांची ही वाट थोडक्यात अशी : वेडसर, खुळा, मतिमंद, विशेष, दिव्यांग. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव आले आणि २०१६च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. दरम्यान, डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला. महाराष्ट्रात २०२२ साली त्या नावाचा स्वतंत्र विभागही निर्माण झाला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१९मध्ये भारताविषयी मतप्रदर्शन करताना या शब्दाला आक्षेप घेतला, याची मराठीत फारशी चर्चा झाली नाही. देवी गेल्या, दिव्य आले, इतकेच.

संगमनेरात मराठीच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारा एक ऑटिस्टिक विद्यार्थी ‘विशेष’ या शब्दाविषयी बोलतो तेव्हा त्याच्या स्वरात राग नसतो, व्याकरणाची तक्रार असते. त्याचे म्हणणे असे की मराठीत ‘काय विशेष?’ हा प्रश्न रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर ‘विशेष काही नाही’ असे ठरलेले असते. मग त्याच्यापुरतेच हे उत्तर का चालत नाही? वर्गातील ट्यूबलाइटची गुणगुण त्याला व्याख्यात्याच्या आवाजाइतकीच स्पष्ट ऐकू येते. बसस्थानकावरील कर्ण्याचा आवाज त्याच्या अंगाला अक्षरशः लागतो. या दोन गोष्टी त्याने अनेकदा सांगितल्या. त्या ऐकणाऱ्यांनी त्याला विशेष म्हटले, एका समारंभात शाल आणि श्रीफळ दिले, टाळ्याही वाजविल्या. टाळ्यांचा आवाज त्याला सोसत नाही, हे कोणी विचारले नव्हते. अनंत फंदींच्या या गावी रोखठोक बोलण्याला एकेकाळी फटक्याचा घाट होता. या विद्यार्थ्याचे बोलणेही तसेच थेट आहे. पण फंदींचा थेटपणा काव्यगुण मानला गेला, याचा थेटपणा लक्षण म्हणून नोंदविला जातो.

त्याच्या तक्रारीला दर्शनशास्त्राचा आधार देता येतो. वैशेषिकांच्या पदार्थमालिकेत ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ हे दोन वेगळे पदार्थ आहेत. अनेकांना एका जातीत आणते ते सामान्य. एक परमाणू त्याच जातीच्या दुसऱ्या परमाणूहून ज्यामुळे वेगळा ठरतो, तो विशेष. आणि म्हणूनच विशेषाची जाती होऊ शकत नाही. ‘विशेष मुले’ या प्रयोगात नेमके हेच अशक्य घडविलेले आहे. ज्या शब्दाने एकेकाचे वेगळेपण सांगावयाचे, त्याच शब्दाची पाटी करून शेकडो परस्परभिन्न माणसे एका खोलीत बसविली जातात. बहिरेपण, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, सारे त्या पाटीखाली सारखेच. स्वमग्न व्यक्तीची हरकत वेगळे म्हणण्याला क्वचितच असते. वेगळेपण कोणते, ते सांगावयाचे टाळले जाते, याला ती असते.

अर्थात या शब्दाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ज्या आईने आपल्या मुलासाठी ‘खुळं’ हा शब्द आळीत रोज ऐकला, तिच्या हाती ‘विशेष’ ही ढाल होती आणि ती तिने वापरली, यात तिचा दोष नाही. मात्र ती तिची ढाल होती. मराठी साहित्यातही हा अनुभव प्रामुख्याने पालकांच्या बाजूने आला आहे. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त मतिमंद मुलगा केंद्रस्थानी असला तरी दुःखाची भाषा आईवडिलांजवळ आहे. तेथे ते अटळही असेल. परंतु जो बोलू शकतो, लिहू शकतो, त्याच्याही बाबतीत आपण तीच रचना कायम ठेवली आहे.

अन्यत्र ही रचना मोडू लागली त्याला तीस वर्षे उलटून गेली. १९९३ साली टोरांटो येथील परिषदेत जिम सिंक्लेअर यांनी, स्वतः ऑटिस्टिक असताना, पालकांना उद्देशून ‘आमच्यासाठी शोक करू नका’ या अर्थाचे भाषण केले. २०१६मध्ये ब्रिटनमधील ३४७० जणांची शब्दांविषयीची पसंती प्रसिद्ध झाली. तीत ‘ऑटिस्टिक’ हे सरळ विशेषण प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींना अधिक पसंत होते, तर ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ ही सावध रचना मुख्यतः व्यावसायिकांची होती. सर्वांना मान्य असा एकही शब्द मात्र सापडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मॉर्टन अ‍ॅन गर्न्सबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की ‘विशेष गरजा’ असलेली म्हणून वर्णिलेली व्यक्ती, तिला सरळ अपंग म्हटले असता झाली असती त्याहून, वाचणाऱ्यांना अधिक नकोशी वाटते. सौजन्याचा शब्द उलटा फळतो तो असा.

‘स्वमग्न’ हा शब्द तरी निर्दोष आहे काय? १९११मध्ये ब्लॉइलर यांनी ग्रीकमधील ‘स्व’वाचक शब्दावरून घडविलेल्या संज्ञेचे ते रूपांतर. मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘आत्ममग्न’ हा कवीवरचा आरोप असतो : जगाकडे पाठ फिरविल्याचा. त्याची छटा या शब्दालाही येते. वस्तुतः डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२मध्ये मांडले त्याप्रमाणे न समजण्याची ही क्रिया दुहेरी आहे. इतरही ऑटिस्टिक माणसाला तितकेच कमी समजतात. संस्कृत काव्यशास्त्राला हे नवे वाटू नये. आस्वाद फसला तर दोष काव्याचाच, असे ते मानत नाही. समोर सहृदय होता की नाही, हेही पाहते.

या विद्यार्थ्याला परीक्षेत तासामागे वीस मिनिटे अधिक मिळतात. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत ती किमान म्हणून नमूद आहेत. प्रमाणपत्र दाखवून ती मिळतात. ट्यूबलाइट बंद करून मिळत नाही, कारण तसा रकाना नाही. स्वतःविषयी तो ‘ऑटिस्टिक’ हाच शब्द मराठी वाक्यात वापरतो. त्यात मग्न नाही आणि दिव्यही नाही, हे त्याचे कारण. त्याच्या आजीने हा शब्द केव्हाच उचलला. डावखुरा म्हणावे किंवा शुगर आहे म्हणावे, तशी ती तो म्हणते. गेल्या लग्नसराईत वरात निघाली तेव्हा ती पुढे होऊन पाहुण्यांना म्हणाली, ‘‘त्याला बँडापाशी उभं करू नका, तो ऑटिस्टिक हाये.’’ पाहुण्यांनी त्याला मागच्या जीपगाडीत बसविले आणि काच वर केली.