दादाजींचा विभाग कोणता?

सभेचे बोलावणे आले तेव्हा मला वाटले, पत्ता चुकला असावा. माझी मजल दहावीच्या पुढे गेलेली नाही. नागभीडच्या एका खाजगी शाळेत लहान वर्गांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाला एका महाविद्यालयाने नवे अभ्यासक्रम ठरवण्यासाठी बोलवावे, हे घरातही कोणाला खरे वाटेना. पण पत्रावर 'स्थानिक साहित्यिक' असे स्वच्छ छापले होते. इस्त्रीचा सदरा काढला आणि गेलो.

२०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विषयांमधल्या भिंती पाडा म्हणून सांगितले आहे. परिसरातील उद्योगांना आणि समाजाला काय हवे ते पाहून शिकवा, असेही त्याचे म्हणणे. आमच्या विदर्भाला हे नवे नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची कल्पना मांडलीच होती. तिचे कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपली मुले सूत काढायला बसवली, असे मी पूर्वी मोठ्या ऐटीत विचारत असे. आता विचारत नाही. का, ते पुढे येईलच.

सभेला एका कारखान्याचे व्यवस्थापकही होते. वेळेवर येणारी, यंत्राला न घाबरणारी, संगणकावर हिशेब ठेवणारी मुले त्यांना हवी होती. सरळ माणूस, त्यांची गरज एका वाक्यात मावली. गावाची गरज एका वाक्यात सांगता येत नाही, तेव्हा मी दादाजी खोब्रागड्यांची गोष्ट सांगितली.

आमच्याच तालुक्यातले नांदेड हे त्यांचे गाव. (मराठवाड्यातले नांदेड निराळे.) शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. इतर कोणी त्या कापणीत मिसळून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या साली वेगळ्या पेरल्या, आणि असे वर्षामागून वर्ष निवडत गेले. बारीक दाण्याचा, चवीचा तांदूळ तयार झाला. त्या काळी एचएमटीचे घड्याळ मनगटावर असणे म्हणजे मोठी गोष्ट. तेच नाव धानाला मिळाले आणि तो तांदूळ दूरदूर पोचला. १९९८ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. त्यातले श्रेय कोणाचे किती, यावरून पुढे वाद झाला. २०१८ च्या जून महिन्यात दादाजी गेले.

मी म्हटले, यावर एक वर्ग काढा. बियाणे निवडणे, नोंद ठेवणे, वाणावरचा हक्क, बाजारभाव, सगळे त्यात येऊ द्या.

वनस्पतिशास्त्राच्या बाई मनापासून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "पण सर, हे कोणत्या विभागात बसेल?" हक्काचा भाग आपल्याकडे नाही म्हणाल्या. वाणिज्यवाल्यांना धान नको होते. मराठीच्या सरांनी माझ्याकडे पाहून स्मित केले. यात कोणाची लबाडी नव्हती. प्रत्येकाच्या तासिका मोजलेल्या, आणि दादाजी कोणाच्याच तासिकेत मावत नव्हते.

मग मी मेंढा-लेखाचे नाव घेतले. धानोरा तालुक्यातल्या त्या गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. तिथे फार आधीपासून गावकऱ्यांचे अभ्यासगट बसत. बांबू किती तोडावा, कायदा काय म्हणतो, पैशाचा हिशेब कोणी ठेवावा, सगळे एकाच बैठकीत निघायचे. त्यांना विभाग ठाऊकच नव्हते. हे मात्र सगळ्यांना पटले. प्राचार्यांनी मलाच एक पानाचा आराखडा लिहून आणायला सांगितले.

चहा देणारा मनुष्य माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा बाप. कप हाती देताना हळूच म्हणाला, "गुरुजी, चांगलं बोललात जी. तुमची पोरगी घालता काय त्या वर्गात?"

माझी मुलगी त्याच वर्षी बारावी झाली होती. नागपूरच्या अभियांत्रिकी प्रवेशाचा अर्ज घरी टेबलावर पडून होता. मी चहा पिऊन टाकला. त्याला उत्तर दिले नाही. त्यानेही पुन्हा विचारले नाही.

रात्री तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, दादाजींच्या घरी त्या तांदळाचा पैसा आला का?" एवढा तांदूळ देशभर विकला गेला, आणि दादाजींचे दिवस ओढगस्तीतच गेले, हे तिलाही ठाऊक होते. आम्ही दोघांनी मिळून नागपूरचा अर्ज भरला.

मग मी आराखडा घेऊन बसलो. पहिली ओळ लिहिली: 'या वर्गाचे पहिले सत्र रोवणीच्या दिवसांत, प्रत्यक्ष बांधीत भरेल.' मुलीने खांद्यावरून वाचले.

"रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून कोण येईल?" ती म्हणाली, आणि माझ्या हातातला पेन घेऊन तिने खाली लिहिले, 'विद्यार्थ्यांना त्या दिवसांची मजुरी महाविद्यालय देईल.'

ती ओळ मी तशीच ठेवली आहे. सभा पुढच्या सोमवारी आहे.