पडद्यामागे काय होतं?

इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपीने तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर यरुशलेमचं मंदिर घेतलं आणि तो थेट गाभाऱ्यात घुसला. तिथे, म्हणजे परमपवित्रस्थानात, वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा महायाजक जात असे. इतरांना मज्जाव होता. रोमन माणसाच्या लेखी देऊळ म्हटलं की मूर्ती आलीच. एवढी माणसं ज्याच्यासाठी जीव द्यायला तयार होती तो देव दिसतो तरी कसा, हे पाँपीला पाहायचं असणार.

आत मूर्ती नव्हती. पुढे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवलं, की जागा रिकामी निघाली. याजकांच्या घराण्यात जन्मलेला ज्यू इतिहासकार जोसेफस मंदिराच्या दालनांचं इंच न् इंच वर्णन करतो; सर्वांत आतल्या दालनापाशी आल्यावर मात्र तिथे काहीच नव्हतं, एवढंच सांगून पुढे जातो. एकेकाळी तिथे कराराचा कोश, म्हणजे पवित्र पेटी होती. बाबेलच्या सैन्याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात पहिलं मंदिर जाळलं, त्यानंतर त्या कोशाचा पत्ता नाही. दुसरं मंदिर उभं राहिलं ते रिकाम्या गाभाऱ्यासह.

आणि त्या रिकाम्या गाभाऱ्यापुढे पडदा होता! लेवीय या पुस्तकातला, कोश आत आहे असं धरून सांगितलेला नियम तर आणखी पुढचा आहे. महायाजकाने आत जाताना जळते निखारे आणि मूठमूठ धूप न्यायचा आणि धूर असा करायचा, की कोशाचं झाकण त्यात दिसेनासं व्हावं. नाहीतर तो मरेल. म्हणजे ज्या एकाला आत जायची मुभा, त्यानेही स्वतःच्या हाताने धूर करून समोरचं झाकायचं.

देव लपतो आणि मग कधीतरी प्रकट होतो, अशी पाळी लावून बायबल वाचणारे पुष्कळ आहेत. मजकूर नीट पाहिला तर ही पाळी जमत नाही. निर्गम या पुस्तकाचा ३३वा अध्याय घ्या. परमेश्वर मोशेशी मित्राशी बोलावं तसा समोरासमोर बोलत असे, असं तिथे आधी म्हटलंय. अवघ्या नऊ वचनांनंतर तोच परमेश्वर मोशेला बजावतो, की माझं मुख पाहून कोणी जगू शकत नाही. एखाद्या संपादकाने यातलं एक वाक्य खोडायला हवं होतं. कोणी खोडलं नाही, हे वाचकाचं नशीब. मग मोशेला खडकाच्या कपारीत उभं केलं जातं, तेज पुढून जाईपर्यंत त्याच्यावर हात धरला जातो आणि हात निघाल्यावर दिसते ती फक्त पाठ. झाकणारा हात परमेश्वराचाच, दाखवणाराही तोच. त्यानंतर मोशे डोंगरावरून उतरतो तेव्हा त्याचा चेहरा तेजाने झळकत असतो. खुद्द त्याला त्याची गंधवार्ता नसते. लोक घाबरतात, म्हणून तो तोंडावर आच्छादन घेतो. पडदा आता माणसाच्या तोंडावर आला.

नव्या करारात झाकणं आणि दाखवणं एकत्र असण्याचं हे सूत्र सर्वांत कडकपणे धरलंय ते मार्कने. बहुतेक अभ्यासक त्याचं शुभवर्तमान इसवी सन ७० च्या आसपासचं मानतात. त्याच वर्षी रोमन सैन्याने दुसरं मंदिरही जाळलं. मार्कचा येशू बरं करतो आणि लगेच गप्प राहायला सांगतो. कुष्ठरोग्याला, याईराच्या घरच्यांना, शिष्यांना, अगदी त्याला ओळखणाऱ्या भुतांनाही. जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे याने १९०१ मध्ये या ‘मसीहाच्या गुपिता’वर आख्खं पुस्तक लिहिलं. हे गुपित येशूचं नसून त्याच्या मागून आलेल्या मंडळींनी घातलेलं आहे, असं त्याचं म्हणणं. त्यावर अजून वाद झडतात. पण गुपित कोणाचंही असो, मार्क ते फार हुशारीने वापरतो. वाचकाला पहिल्याच ओळीपासून सगळं माहीत, आणि गोष्टीतल्या शिष्यांना शेवटपर्यंत उमगत नाही!

मार्कने मांडणी कशी केलीय ते पाहण्यासारखं आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटतं आणि वरून वाणी होते. डोंगरावर येशूचं रूप पालटतं तेव्हा ढगातून पुन्हा वाणी होते. तिसरी जागा वधस्तंभाची. इथे भर दुपारी तीन तास अंधार पडतो, येशू देवाने आपल्याला का टाकलं असं ओरडून विचारतो, आणि वरून काहीही ऐकू येत नाही. तो प्राण सोडतो. मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो. जोसेफसने मंदिराच्या दारावरच्या एका पडद्याचं वर्णन केलंय: पंचावन्न हात उंच, सोळा हात रुंद, बाबेलचं विणकाम, निळा, किरमिजी, जांभळा रंग, आणि त्यावर भरलेलं आकाशाचं दृश्य. मार्कच्या मनात नेमका हाच पडदा होता, की आतला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बाहेरचा असेल, तर आरंभी फाटलेलं आकाश शेवटी पुन्हा फाटलं म्हणायचं.

पडदा फाटल्यावर कोणी आत डोकावून पाहिलं का? मार्क त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याची नजर लगेच वळते ती वधस्तंभासमोर उभ्या असलेल्या रोमन शताधिपतीकडे. येशू देवाचा पुत्र होता अशी कबुली देतो तो हा माणूस, म्हणजे पाँपीच्याच रोमचा एक अधिकारी. गाभाऱ्यात जाऊन आलेल्या पाँपीला काही दिसलं नव्हतं. या शताधिपतीने गाभारा पाहिलेला नाही. त्याच्यापुढे आहे एक मेलेला माणूस, आणि त्या माणसाला मारण्याचं काम त्याच्याच तुकडीचं.

लूकच्या शुभवर्तमानातल्या अम्माऊसच्या वाटेवरच्या गोष्टीतही हेच. दोघे शिष्य वाटभर मेलेल्यांतून उठलेल्या येशूशी बोलतात, ओळखत नाहीत. भाकरी मोडताना ओळखतात आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. रेम्ब्राँने विशी ओलांडली न ओलांडली तोच हे चित्र काढलं. पॅरिसच्या झाकमार-आंद्रे संग्रहालयातल्या त्या चित्रात येशूच्या मागे दिवा आहे, त्यामुळे त्याची नुसती काळी आकृती दिसते. प्रकाश पडलाय तो समोरच्या भेदरलेल्या शिष्याच्या तोंडावर. पुढे १६४८ मध्ये त्याच विषयावर काढलेल्या चित्रात त्याने येशूचा चेहरा उजळून दाखवला. ते अधिक प्रसिद्ध, पण तरुणपणीचंच चित्र गोष्टीला अधिक धरून आहे.

कॅथलिक उपासनेत हे सगळं हाताने करून दाखवलं जातं. गुड फ्रायडेला झाकलेला क्रूस वेदीजवळ आणतात आणि तीन टप्प्यांत उघडतात: आधी वरचा भाग, मग उजवा हात, मग पूर्ण. प्रत्येक टप्प्याला याजक गाऊन बोलावतो, लोक उत्तर देऊन गुडघे टेकतात. वसईत हे मराठीतून चालतं. आवरण पूर्ण निघाल्यावर जे दिसतं ते शिक्षेचं लाकूड.

मार्कचा शेवट तर अनेकांना पचलाच नाही. सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही हस्तलिखितांत त्याचं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतं: कबर रिकामी, स्त्रिया घाबरून पळालेल्या, कोणाला काही सांगितलेलं नाही. उठलेला येशू दिसतच नाही. पुढची बारा वचनं मागाहून जोडली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या मराठी बायबलमध्येही मार्कचे सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. एकदा वाचून पाहा, आणि आठव्या वचनापाशी पुस्तक मिटा.