‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ : लाज आणि ऋण

काही कादंबऱ्या कथानकासाठी स्मरणात राहतात, काही एखाद्या व्यक्तिरेखेसाठी. चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ स्मरणात राहते ती एका भावनेसाठी. आणि ती भावना प्रेमाची नसून लाजेची आहे. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ही कादंबरी डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. लोहाराच्या घरी वाढलेला पोरका पिप, वाड्यातील गर्विष्ठ एस्टेला, अज्ञात दात्याचे धन आणि त्या धनाने घडवलेला ‘जंटलमन’ एवढेच सांगितले, तर ती प्रेम आणि वर्ग यांच्या संघर्षाची नेहमीची कहाणी वाटेल. परंतु तरुणपणी वाचलेली ही कादंबरी प्रौढ वयात पुन्हा हाती घेणाऱ्या वाचकाला वेगळाच अनुभव येतो. पहिल्या वाचनात तो पिपबरोबर एस्टेलाची वाट पाहतो. दुसऱ्या वाचनात त्याची नजर जो गार्जरी या लोहारावरून हलत नाही.

सॅटिस हाउसमधील पहिल्या भेटीचा प्रसंग या दृष्टीने निर्णायक आहे. घड्याळे नऊला वीस मिनिटे असताना थांबवलेली, दिवसाचा उजेड बंद केलेला, आणि जीर्ण वधूवेषातील मिस हॅविशॅमसमोर दोन मुले पत्ते खेळत आहेत. पत्त्यातील गुलामाला पिप जे नाव देतो ते एस्टेलाला गावंढळ वाटते. त्याचे हात राठ आहेत, बूट जाड आहेत, हेही ती बोलून दाखवते. त्या दिवसापर्यंत पिपला हात होते. पण आपल्या हातांकडे पाहण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. ज्या मुखातून हा उपहास येतो, त्याच मुखावर त्याचे मन जडते. प्रेम आणि लाज ही दोन्ही एकाच क्षणी जन्माला येतात आणि पुढे कधीच विलग होत नाहीत. एस्टेलाला मिळवणे म्हणजे स्वतःच्या हातांपासून सुटका करून घेणे, असे समीकरण त्याच्या मनात बसते. घरी परतल्यावर भट्टीचा जो उजेड त्याला कालपर्यंत आपला वाटत होता, तोच त्याला खुपू लागतो.

ज्या प्रतिष्ठेपुढे पिप लाजतो तिचा पाया डिकन्स निर्विकारपणे उकरून दाखवतो. हॅविशॅम घराण्याची संपत्ती दारू गाळण्याच्या कारखान्यातून आलेली आहे. पाव भाजणारा कुलीन ठरत नाही, दारू गाळणारा मात्र ठरू शकतो, हे हर्बर्ट पॉकेट सहज बोलून जातो. पिपला ‘जंटलमन’ करणारे धन मिस हॅविशॅमचे नसून मॅग्विच या हद्दपार कैद्याने न्यू साउथ वेल्समध्ये कष्टाने मिळवलेले असते. आणि पिपच्या दृष्टीने सर्वांत उच्च असलेली एस्टेला ही त्याच कैद्याची मुलगी निघते. शिडीची वरची पायरी आणि खालची पायरी एकाच तुरुंगाच्या भिंतीला टेकलेली आहे. डिकन्सला ही भिंत परिचित होती. १८२४ साली त्याचे वडील कर्जापायी मार्शल्सीच्या तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा हा मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. त्याच्या हयातीत वाचकांना हे ठाऊक नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ते उघड झाले. लपवलेल्या लाजेची ही जाणकारी कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणात जाणवते.

तिचा सर्वांत तीव्र प्रत्यय येतो तो जो लंडनला पिपच्या बिऱ्हाडी येतो तेव्हा. पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर आपण दिले असते, अशी कबुली निवेदक पिप देतो. जोची टोपी फडताळावरून पुन्हा पुन्हा घसरते आणि ती सावरताना तो अधिकच अवघडतो. बोलताना तो कधी जुन्या सलगीने ‘पिप’ म्हणतो, तर कधी ‘सर’. मध्यमपुरुषी सर्वनामातला भेद त्या काळच्या नागर इंग्रजीत उरलेला नव्हता. म्हणून डिकन्सला त्या एका संबोधनावर सारा भार टाकावा लागला. मराठी वाचकाला मात्र तिथे ‘अरे’ आणि ‘अहो’ यांमधील अंतर थेट ऐकू येते. ज्याने लहानपणी आपल्याला ‘अरे’ म्हटले, त्याने एके दिवशी ‘अहो’ म्हणावे, यात केवढे अंतर पडलेले असते, हे शिकण्यासाठी घर सोडलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

पुढे पिप कर्जबाजारी होऊन तापाने पडतो तेव्हा शुश्रूषेला जोच येतो. आजारात ‘सर’ नाहीसे होते. पिप बरा होऊ लागताच ते पुन्हा जोच्या ओठी येते. मग एका पहाटे जो न सांगता निघून जातो. मागे उरते बिडीकडून लिहायला शिकलेल्या हाताची चिठ्ठी आणि १२३ पौंड, १५ शिलिंग, ६ पेन्स या कर्जाची पावती. मॅग्विचच्या दानाला मालकीची छटा होती. जोच्या दानाला साधी उपस्थितीही नको आहे.

खालच्या वर्गाने आपल्या जागीच राहावे असे ही कादंबरी सुचवते, हा आक्षेप येथे विचारात घ्यावा लागतो. जो इतका सोशिक आहे की हा आक्षेप सर्वस्वी खोडून काढता येत नाही. परंतु पिपचा अपराध शिकण्याची इच्छा हा नाही. एस्टेलाला भेटण्यापूर्वीच त्याने बिडीच्या मदतीने अक्षरे गिरवली होती. अपराध आहे तो शिकवणाऱ्यांची लाज बाळगण्याचा. आणि लेखक त्याला सोपे प्रायश्चित्त देत नाही. बिडीशी लग्न करून घरी परतावे या विचाराने तो येतो, त्याच दिवशी बिडी आणि जो यांचे लग्न झालेले असते. क्षमा मिळते, जागा मिळत नाही. पिप परदेशी जाऊन कारकुनी करतो आणि आपले कर्ज फेडतो.

बुल्वर-लिटन याच्या सल्ल्यावरून डिकन्सने शेवट बदलला, हे सर्वश्रुत आहे. फॉर्स्टरने १८७४ मध्ये छापलेल्या मूळ शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यावर ओझरते भेटून दुरावतात. प्रसिद्ध शेवटात ती दोघे उजाड बागेतून हातात हात घालून बाहेर पडतात. कोणता शेवट श्रेष्ठ, यावरचा वाद मिटलेला नाही. मात्र दुसऱ्यांदा कादंबरी मिटणाऱ्या वाचकाला त्या वादात फारसा रस उरत नाही. त्याच्या मनात एस्टेला पिपला मिळाली की नाही हा प्रश्न नसतो. आपल्यासाठी कोणी, कोणत्या पहाटे, न सांगता पावती ठेवून गेले होते, ते तो आठवू लागतो.